२००चा प्लॅन आणि बेडरूममध्ये २२: कंपनी बदलायच्या आधी वायर लावून बघा

प्रश्न असा आलाय. ठाण्यात कासारवडवलीत नवीन टॉवरमध्ये टू बीएचके, २०० एमबीपीएसचा फायबर प्लॅन, हॉलमध्ये ठीकठाक चालतं पण आतल्या बेडरूममध्ये स्पीड टेस्ट २२-२५च्या वर जात नाही, नवरा-बायको दोघांचं वर्क फ्रॉम होम, मुलगा गेम खेळतो आणि लॅग लॅग म्हणून ओरडतो, कस्टमर केअरवाली म्हणते ३००चा प्लॅन घ्या, मेहुणे म्हणतात कंपनीच बदला. काय करू?

दोन्ही करू नका, निदान या आठवड्यात तरी नको.

मी या लाइनीत १७ वर्षं आहे. सुरुवात वर्तकनगरला एका केबलवाल्याकडे, तेव्हा एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर लॅनची वायर टाकायची आणि पावसाळ्यात वीज पडली की दुसऱ्या दिवशी अख्ख्या लाइनीतले स्विच बदलत फिरायचं, मग फायबर जोडायला शिकलो, आता ऑफिसांची आणि घरांची नेटवर्कं करतो, घोडबंदरपासून खारघरपर्यंत. कोणाचाही प्लॅन विकत नाही हे आधीच सांगतो. आणि माझा अनुभव असा की स्पीड नाही म्हणून ज्या घरी जातो त्यातल्या बहुतेक घरांत कंपनीचा स्पीड दारापर्यंत बरोबर आलेला असतो, तो मरतो घरातल्या शेवटच्या तीस फुटांत.

तुमच्याकडे तर संशयाला जागाच कमी. घोडबंदर रोडचे नवे टॉवर बघा, बरेचसे मिवान पद्धतीचे, म्हणजे विटांची भिंतच नाही, आतल्या पार्टिशनसकट सगळं काँक्रीट आणि आत लोखंडी जाळी. वायफायला हे म्हणजे तिजोरीत बसवल्यासारखं. नौपाड्यातल्या जुन्या बिल्डिंगमध्ये विटांची भिंत असते, तिथे एक राउटर दोन खोल्या आरामात काढतो, तोच राउटर तुमच्याकडे दुसऱ्या भिंतीला हात टेकतो. त्यात बिल्डरने दाराजवळ इलेक्ट्रिकच्या डीबीशेजारी (जिथे घरातले सगळे मेन स्विच असतात) एक पत्र्याचा बॉक्स दिलेला असतो, इंस्टॉलेशनला आलेला पोरगा कंपनीचा डबा, म्हणजे मोडेम-राउटर, त्यात कोंबतो, झाकण लावतो, सही घेतो आणि जातो. वर वहिनींना तो बॉक्स दिसायला नको असतो म्हणून पुढे चपलांचं कपाट येतं. मी एका घरी राउटर शोधायला पाच मिनिटं घालवलीत, शेवटी पावसाळी बुटांच्या मागे सापडला, हात लावला तर इस्त्रीसारखा गरम.

तर पहिलं काम. लॅपटॉपला लॅनची वायर लावायची, दुसरं टोक कंपनीच्या डब्यात, लॅपटॉपचं वायफाय बंद, घरातले बाकी सगळे नेटवरून खाली, आणि टेस्ट घ्यायची. एकदा सकाळी सातला, एकदा रात्री साडेनऊला, असं तीन दिवस, आकडे कागदावर लिहून ठेवा. वायरीवर १९०-२००च्या आसपास येत असेल तर कंपनी तुम्हाला देतेय, प्रश्न तुमच्या घराचा आहे आणि ३००चा प्लॅन घेतलात तरी बेडरूममध्ये तेच २२ येणार, फक्त बिल वाढणार. लॅपटॉपला पोर्ट नसेल तर यूएसबीचं कन्व्हर्टर मिळतं, पण गिगाबिटचं आहे का बघून घ्या, स्वस्तातलं १००चं असतं आणि मग टेस्ट फुकट.

इथे एक आकडा लक्षात ठेवा, ९४. वायरीवर टेस्ट केली आणि कितीही वेळा केली तरी ९३-९४-९५च येतंय, सकाळीही तेच, रात्रीही तेच, तर कंपनीला फोन करूच नका. हा आकडा लाइनचा नाही, १००च्या पोर्टचा आहे. मध्ये कुठेतरी जुना राउटर आहे ज्याचे पोर्ट १००चे आहेत, किंवा वायर खराब आहे. लॅनच्या वायरीत आठ तारा असतात, चार जोड्या, गिगाबिट चालायला चारही लागतात आणि १००ला दोनच पुरतात, त्यामुळे एक तार जरी कनेक्टरमध्ये नीट बसली नाही तरी लाइन गुपचूप १००वर उतरते, एरर नाही, लाल दिवा नाही, काही नाही. वसंत विहारला एक काका १००वरून २००, २००वरून ३००ला गेले होते, वर्षभर ३००चे पैसे भरले, आणि मधली दीड मीटरची पिवळी वायर जुनी, तिच्यात चारच तारा. नवी वायर लावली आणि चहा यायच्या आत २९०. काकांना आनंद कमी झाला आणि राग जास्त आला, स्वतःचाच.

आता वायरीवर बरोबर आलं असं धरून पुढे. बेडरूममधला फोन बघा कुठल्या बँडवर आहे, वायफायचे मुख्य पट्टे दोन, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. २.४ गिगाहर्ट्झ लांब जातो, भिंतीतून बऱ्यापैकी जातो, पण तुमच्या टॉवरमध्ये फोनवर वायफायची लिस्ट उघडलीत तर शेजाऱ्यांची वीस-पंचवीस नावं दिसतील आणि ती सगळी त्याच बँडवर भांडतायत, त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच, १, ६ आणि ११. राउटरच्या खोक्यावर ३०० लिहिलेलं असलं तरी अशा गर्दीत हातात ३०-४० पडले तरी नशीब. तुमचे २२ बहुतेक हेच आहेत. ५ गिगाहर्ट्झ मोकळा आणि वेगवान, पण काँक्रीटच्या एका भिंतीत अर्धमेला आणि दुसऱ्या भिंतीत संपला. म्हणून राउटर पत्र्याच्या बॉक्समधून बाहेर काढा, हॉल आणि पॅसेजच्या मधे उंचावर उघड्यावर ठेवा, टीव्हीच्या मागे नको, फ्रिजवर नको, फिश टँकच्या बाजूला तर नकोच कारण पाणी वायफाय पिऊन टाकतं. नुसत्या एवढ्याने बऱ्याच घरांत फरक पडतो, पैसे शून्य.

पुरलं नाही तर लोक काय करतात, प्लगमध्ये खोचायचा रिपीटर आणतात. नका आणू. स्वस्तातला असला की तो एकाच रेडिओवर ऐकतो आणि त्याच रेडिओवर बोलतो, म्हणजे स्पीड निम्मा, आणि मुळात तो जिथे लावता तिथे सिग्नल आधीच मेलेला असतो. मेश सेट, म्हणजे एकाच नावाने चालणारे दोन-तीन राउटर, चांगला असतो पण त्याचे दोन डबे आपसात वायफायनेच बोलणार असतील तर मधली काँक्रीटची भिंत त्यांनाही आहेच. खरा इलाज एकच आणि कंटाळवाणा आहे, बेडरूमपर्यंत एक लॅन वायर ओढायची. बिल्डरने टीव्हीच्या किंवा टेलिफोनच्या पॉइंटसाठी पाइप टाकलेला असतो, आत जुनी केबल पडून असते, ती कोणी वापरत नाही, तिच्याच टोकाला नवी वायर बांधून ओढता येते, इलेक्ट्रिशियनला अर्ध्या दिवसाचं काम. वायर कॅट सिक्स (लॅनच्या वायरीचा प्रकार) घ्या, मीटरवर मिळते, आणि तांब्याचीच आहे ना हे विचारून घ्या, बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सर्रास विकतात, हातात हलकी लागते ती तीच. बेडरूमच्या टोकाला जुना राउटर लावा, माळ्यावर एखादा असेलच मागच्या कनेक्शनचा, तुमच्या मालकीचा असला म्हणजे झालं, फक्त त्याचा डीएचसीपी (घरातल्या फोन-लॅपटॉपना पत्ते वाटायचं काम) बंद करायचा, आयपी, म्हणजे त्याचा स्वतःचा पत्ता, मुख्य राउटरपेक्षा वेगळा द्यायचा आणि वायर त्याच्या वॅन (इंटरनेटच्या) पोर्टला नाही तर लॅन पोर्टला लावायची. नाव-पासवर्ड दोन्हीकडे सारखा ठेवलात तर फोन आपणहून इकडून तिकडे जातो. मात्र त्या जुन्या राउटरचे पोर्ट १००चे निघाले तर बेडरूममध्ये परत ९४ दिसेल, पण २२पुढे ९४ म्हणजे दिवाळीच.

बरं, मुळात लागतं किती? हे कोणी सांगत नाही कारण सांगितलं तर मोठे प्लॅन विकले जाणार नाहीत. नेटफ्लिक्स स्वतः फोरकेला १५ एमबीपीएस सांगतं आणि फुल एचडीला ५. व्हिडिओ मीटिंगला माणशी तीन-चार पुरतात, जाताना आणि येताना दोन्हीकडे. गेम खेळताना एकसुद्धा पूर्ण लागत नाही, गेम डाउनलोड करताना लागतात ती गोष्ट वेगळी. म्हणजे तुमच्या घरी एकाच वेळी दोन मीटिंग, हॉलमध्ये सासूबाईंची मालिका एचडीत आणि मुलाचा गेम धरला तरी १५-२०च्या आत काम होतं, वर फोरके सिनेमा लावलात तरी ४० नाही जात. १००चा प्लॅन तुम्हाला डोक्यावरून पाणी. मोठ्या प्लॅनचा फायदा जाणवतो तो मोठ्या फायली उतरवताना, आणि तिथेही एक गोंधळ आहे, एमबीपीएसमधला बी हा बिट, फाइलच्या एमबीतला बी हा बाइट, आठ बिटचा एक बाइट, म्हणून १०० एमबीपीएसवर डाउनलोड सेकंदाला साडेबारा एमबीच दिसणार. एक जीबीला ऐंशी सेकंद. रोज पन्नास जीबीचे व्हिडिओ उतरवत असाल तर ३०० घ्या, नाहीतर ते पैसे वायरीत घाला.

मुलाच्या लॅगचं वेगळं आहे, तिथे स्पीड नाही तर पिंग बघायचा, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागणारा वेळ. आपण ठाण्या-नवी मुंबईचे लोक या बाबतीत सुखी आहोत, महापे, रबाळे, ऐरोली पट्ट्यात डेटा सेंटरची रांग लागलीय, सर्व्हर मुंबईतला असेल तर वायरीवर पिंग पाच-दहा मिलिसेकंदात यायला पाहिजे. सिंगापूरचा सर्व्हर असेल तर साठच्या आसपास धरा, अमेरिकेचा असेल तर दोनशेच्या वर, आणि हे कुठलाही प्लॅन कमी करू शकत नाही कारण फायबरच्या काचेतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटरच जातो, ३०० घेतला म्हणून प्रकाश जास्त पळत नाही. म्हणून आधी गेमच्या सेटिंगमध्ये सर्व्हर मुंबईचा निवडलाय का बघा. आणि दुसरं, लॅग कधी होतो ते बघा. कोणाच्यातरी फोनचे फोटो क्लाउडवर चढत असतात, अपलोड भरून जातं, आणि मग मीटिंगमधला आवाज रोबोटसारखा येतो आणि गेममधला माणूस भिंतीतून उडतो. डाउनलोडची टेस्ट अशा वेळी पण बऱ्याचदा छान दिसते, त्यामुळे संशय येत नाही. बॅकअप रात्री दोनला लावून द्या, आणि राउटरमध्ये क्यूओएस (कोणाला किती स्पीड द्यायचा ते ठरवायची सेटिंग) असेल तर अपलोडची मर्यादा लाइनच्या ९० टक्क्यांवर बांधा.

आता कंपनीचा दोष कधी धरायचा. सकाळी सातला वायरीवर १९५ आणि रात्री साडेनऊला ६०, तीनही दिवस, तर मात्र तो त्यांचा प्रश्न आहे, त्यांनी वरून बँडविड्थ कमी घेतलीय किंवा एका पोर्टवर माणसं जास्त कोंबलीत. फायबर म्हणजे तुमच्या एकट्याची लाइन नसते, जीपॉनमध्ये, म्हणजे घरोघरी फायबर द्यायच्या नेहमीच्या पद्धतीत, कंपनीच्या एका पोर्टचे अडीच गिगाबिट ३२ किंवा ६४ घरांत वाटलेले असतात, यात चूक काही नाही कारण सगळे एकदम ओढत नाहीत, चूक होते ती त्याच्या वरच्या बाजूला. टेस्टचा सर्व्हरही बदलून बघा, ॲप आपणहून जवळचा निवडतो, तो कधीकधी त्या कंपनीच्याच नेटवर्कातला असतो, म्हणजे घरातल्या घरात शर्यत लावल्यासारखं. दुसऱ्या कंपनीचा सर्व्हर निवडून घ्या, नेटफ्लिक्सची फास्ट डॉट कॉम पण करा. तिन्हीकडे सारखा आकडा आला तर विश्वास ठेवा.

आणि अधूनमधून लाइन जात असेल तर टेक्निशियनला डोळ्यांदेखत पॉवर मीटर, म्हणजे फायबरमधला प्रकाश मोजायचं यंत्र, लावायला सांगा. फायबरचा सिग्नल डीबीएममध्ये मोजतात, उणे असतो, उणे १८ ते उणे २४ असेल तर खुशाल झोपा, उणे २७च्या खाली गेला की आज नाही तर उद्या लाल दिवा लागणार. खारघरला एक केस होती, तक्रार अशी की दुपारी एसी लावला की नेट जातं. दोन वेळा डबा बदलला, एकदा स्टॅबिलायझर पण घेऊन झाला, सगळे विजेच्या मागे लागलेले. मी गेलो तर घरातली फायबर बाल्कनीतून स्लायडिंग दरवाजाच्या फटीतून आत घेतलेली, दुपारी एसी लावला की काकू दरवाजा घट्ट ओढून घ्यायच्या आणि केसाएवढी ती काच दरवाजात चिमटायची, संध्याकाळी दरवाजा उघडला की नेट हजर. मीटर लावून दरवाजा ढकलला तर आकडा उणे २१वरून उणे २९, परत उघडला तर परत २१. ड्रिलने खिडकीच्या फ्रेमशेजारी भोक पाडलं, वायर तिथून घेतली, संपलं. सोफ्यामागे फायबर दुमडलीय का, कपाटाच्या पायाखाली आलीय का, हे तुमचं तुम्हीही बघू शकता, फक्त त्या हिरव्या कनेक्टरचं टोक बोटाने पुसू नका.

कंपनी बदलायचीच वेळ आली तर जाहिरात बघून बदलू नका, तुमच्याच विंगमध्ये फिरा. वॉचमनला विचारा कुठल्या कंपनीची माणसं सारखी दुरुस्तीला येतात, हा सर्व्हे फुकट आणि खरा. मागच्या पावसाळ्यात किती दिवस बंद होतं, बंद पडल्यावर किती तासांत माणूस आला, हे दोन प्रश्न एमबीपीएसपेक्षा मोठे आहेत. घोडबंदरला मेट्रोच्या खोदकामात केबली तुटल्याचं कोणाला नवीन नाही, तुटणारच, प्रश्न एवढाच की जोडतो किती लवकर. लोकल ऑपरेटरचा फायदा हा की त्याचा पोरगा व्हॉट्सॲपवर असतो आणि दोन तासांत येतो, तोटा हा की रात्री साडेनऊला कधीकधी दम लागतो. मोठ्या कंपनीचं नेमकं उलटं, लाइन दणकट पण तक्रारीचं तिकीट, मग तिकिटाचं तिकीट. वर्क फ्रॉम होमवर पोट असेल तर मी दणकट लाइनपेक्षा लवकर येणारा माणूस निवडीन, आणि जोडीला फोनचा हॉटस्पॉट ठेवीन.

लाइट गेल्यावर काय, हेही विचारा. बिल्डिंगमध्ये फायबरचा स्प्लिटर (एका फायबरचा प्रकाश अनेक घरांत वाटणारा डबा) असेल तर त्याला वीज लागत नाही, तुमच्या डब्याला छोटा बारा व्होल्टचा यूपीएस लावलात की काम चालू. पण जिन्याच्या डक्टमध्ये ऑपरेटरचा स्विच असेल आणि तिथून लॅनची वायर घरी आलेली असेल, तर तुमच्या यूपीएसचा उपयोग शून्य, तो स्विच बंद तर सगळा मजला बंद. यूपीएस घेताना डब्याच्या ॲडॉप्टरवर किती अँपिअर लिहिलंय ते बघून घ्या.

पैशाचं बोलायचं तर जाहिरातीतला आकडा कधीच बिलात येत नाही, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७९९चे ९४३. ओटीटी (नेटफ्लिक्ससारखी ॲप्स) फुकट म्हणतात ते त्यातच धरलेलं असतं, घरात आधीच ती ॲप्स असतील तर साधा प्लॅन मागा, दुकानात पुढे मांडत नाहीत पण असतो. अनलिमिटेडच्या खाली बारीक अक्षरात ३३०० जीबी लिहिलेलं असतं, त्याला घाबरू नका, ते दिवसाला ११० जीबी होतात, फोरके सिनेमा तासाला सात जीबी खातो, म्हणजे रोज पंधरा तास सिनेमा बघावा लागेल. पण लोकल प्लॅनमध्ये ही मर्यादा बरीच खाली असू शकते, आणि ती संपल्यावर स्पीड किती राहणार हे लेखी घ्या. अपलोड किती तेही लेखी. वर्षाचे पैसे एकदम भरले की दोन महिने फ्री ही ऑफर नव्या कनेक्शनला कधीच घेऊ नका, आधी एक पावसाळा जाऊ दे. मी स्वतः एकदा वर्षाचे भरले आणि ऑपरेटरने चौथ्या महिन्यात गाशा गुंडाळला, या धंद्यात असून.

तक्रार करायचीच झाली तर फोनवर भांडून उपयोग नाही, तक्रार नंबर घ्या, तुमचे सकाळ-रात्रीचे आकडे मेलवर पाठवा, उत्तर पटलं नाही तर त्याच कंपनीच्या अपील अथॉरिटीकडे ३० दिवसांत जाता येतं, ट्रायच्या (टेलिकॉम कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीला ती ठेवावी लागते. ग्राहक हेल्पलाइन १९१५ पण आहे. कनेक्शन सोडताना डबा परत केल्याची पावती घेतल्याशिवाय पोराला लिफ्टमध्ये जाऊ देऊ नका, डिपॉझिट तिथेच अडकतं.

तुमच्यासाठी क्रम सांगतो. आज रात्री वायरीवर टेस्ट, उद्या डबा पत्र्याच्या बॉक्समधून बाहेर, शनिवारी इलेक्ट्रिशियनला बोलावून बेडरूमची वायर. हे सगळं झाल्यावर २००वरून १००ला खाली या, वर नाही. कस्टमर केअरला डाउनग्रेड म्हटलं की आधी ऑफर देतील, ती ऐकून घ्या, एखाद वेळी २००च कमी पैशात मिळून जातो. फक्त हा फोन बिलाच्या तारखेच्या चार-पाच दिवस आधी करा, नाहीतर अजून एक महिना जुन्याच रेटने जाईल.